पावणेनऊ तासांचा खुलासा

राऊतकाका चिडले की त्यांचं मराठी सुधारायचं.

एरवी ते वटारच्या वाडीत वाढलेल्या माणसासारखं थोडकं आणि ढोबळ बोलत. 'काय, जेवलास?' 'बस.' 'नोकरी बरी?' एवढ्यावर भागायचं. पण राग डोक्यात चढला की 'सबब', 'उपरोक्त', 'सदरहू' आणि 'विनाविलंब' हे शब्द रांगेत बाहेर पडायचे. एकदा स्टेशनहून येताना रिक्षावाल्यानं पुढे आणखी एक माणूस कोंबला. काका म्हणाले, "सदर वाहनाची क्षमता तीन असून आपण चौथा इसम कोणत्या नियमान्वये घेत आहात, याचा खुलासा करावा." रिक्षावाला मराठी नव्हता. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "ये क्या बोल रहे हैं?" मी म्हटलं, "गुस्से में हैं."

खुलासा हा त्यांचा जपाचा शब्द. पाव दोन दिवस लहान आला की बेकरीवाल्यानं खुलासा करावा. लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या सेक्रेटरीनं करावा. नुसती माफी त्यांना चालत नसे. "माफी कोणीही मागतं. काय झालं ते सांगा."

याला कारण होतं. काका टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर होते. फोन मेला, क्रॉस कनेक्शन लागलं, बिल जास्त आलं, की अख्खा तालुका यांच्याच कानात ओरडायचा. "पस्तीस वर्षं लोकांनी यांना झापलं," सुमनकाकू म्हणायच्या, "आता हे वसुलीला निघालेत." काका त्यावर हसत नसत. ते म्हणत, "मी प्रत्येकाला माझं नाव सांगितलंय. हरिश्चंद्र राऊत, तक्रार विभाग. नाव न सांगता मी एक फोन ठेवलेला नाही."

मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये एक मजला वर राहत होतो आणि कनिष्ठ महाविद्यालयात आयटी शिकवत होतो. त्यामुळे बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिघडलेल्या कॉम्प्युटरची जबाबदारी माझी होती. काका मला 'मास्तर' म्हणत आणि 'अरे-तुरे' करत. 'आपण' म्हणाले की मी समजायचो, आज काहीतरी चुकलंय.

ती भारनियमनाची वर्षं होती. आमच्याकडे रोज पाच-सहा तास वीज जायची. जायची ती जायची, त्याची लोकांना सवय झाली होती. संताप यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. वेळापत्रक रीतसर छापलेलं असायचं आणि वीज त्याच्याशी काडीचाही संबंध न ठेवता जायची. अकरा ते दोन लिहिलेलं असलं की साडेबाराला जाणार आणि पाचला येणार. विचारायला फोन केला तर रिसीव्हर काढून ठेवलेला. मला अजून ते आठवलं की कपाळाची शीर उडते.

काका नुसते चिडून थांबले नाहीत. त्यांची जुन्या लाइनमन मंडळींशी ओळख होती. कुठल्या भागाला वीज कुठल्या तारेवरून येते हे त्यांना तोंडपाठ होतं. सकाळी साडेसहाला ते फोन घेऊन बसायचे. पाच-सहा ठिकाणी विचारायचे, होळी गावातल्या गिरणीवाल्याला, वटारच्या भावाला, गोखिवऱ्याच्या एका वॉचमनला. आठ वाजेपर्यंत खरं वेळापत्रक तयार. ते जिन्याखालच्या फळ्यावर लागायचं. महिन्याभरात शेजारच्या चार बिल्डिंगांतली माणसं आमच्या फळ्याशी यायला लागली. ऑफिसातून बायका फोन करून विचारू लागल्या, "राऊतांच्या फळ्यावर काय लिहिलंय?"

तेव्हा मी बोलून गेलो, "काका, याची वेबसाइट करू या."

ते वाक्य मला पुढे चार-पाच वर्षं पुरलं.

साइट अगदी साधी होती. पांढरं पान, त्यावर भागांची नावं, समोर वेळा. पण ती चालली. दातांचे डॉक्टर ती बघून पेशंट बोलवायला लागले, कारण माणूस खुर्चीत आ वासून बसलेला असताना मशीन बंद पडणं दोघांनाही परवडत नव्हतं. गिरणीवाला ती बघून दळण घ्यायचा. वाडीवाले आपल्या पोरांकडून ती बघून घ्यायचे आणि बावखलावरचा पंप त्या वेळेत लावून केळी भिजवायचे. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड पाण्याचं तळं. पलीकडच्या गल्लीत एका बाईंच्या लहान मुलीला दम्याचं मशीन लागायचं, त्या तर साइटची छापील प्रत दारामागे चिकटवून ठेवायच्या.

आणि मग साइट बंद पडायला लागली.

आम्ही जागा घेतली होती ती एका स्वस्त होस्टिंगवाल्याकडे. साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर, आणि ती जागा भाड्यानं देणारा तो होस्टिंगवाला. त्यानं जाहिरातीत 'अमर्याद जागा, अखंड सेवा' लिहिलं होतं. ही अखंड सेवा दिवसातून दोनदा खंडित व्हायची. काकांनी फोन लावला. पलीकडून, "सर, मी राहुल बोलतोय, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दुसऱ्या दिवशी दुसरा आवाज, "मी राहुल बोलतोय." तिसऱ्या दिवशी बाईचा आवाज आला आणि तिनंही आधी 'राहुल' म्हटलं, मग सावरून घेतलं.

काका रिसीव्हर ठेवून माझ्याकडे आले. "मास्तर, आपण मला ज्या संस्थेच्या हवाली केलं आहे, तिचा पत्ता द्यावा."

'आपण' ऐकल्यावर मी मुकाट पत्ता शोधला. तो निघाला गोखिवऱ्याचा. 'अखिल भारतीय डेटा सेंटर' असं बिलावर होतं आणि खाली एका औद्योगिक वसाहतीतला गाळा नंबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथे गेलो. एका बाजूला प्लास्टिकचे डबे बनवणारा गाळा, दुसऱ्या बाजूला छत्र्यांच्या काड्यांचा. मधल्या गाळ्यात अंधार होता. पन्नाशीतले एक गृहस्थ दाराशी स्टुलावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते. आत टेबलाखाली दोन कॉम्प्युटर, झाकणं उघडी, वर बंद पडलेला टेबलफॅन त्यांच्याकडे तोंड करून.

"डेटा सेंटर?" काकांनी विचारलं.

"हेच. पण आत्ता लाइट नाही."

"तुमच्याकडे बॅटरी, जनरेटर?"

"बॅटरी आहे ना. पाऊण तास चालते. आता तीन तास झाले." ते गृहस्थ उठून आम्हाला बसायला जागा करू लागले. स्वभावानं सज्जन होते. "लाइट कधी येणार ते बघायला एक चांगली साइट आहे हो. राऊत म्हणून कुणीतरी चालवतात. आम्ही रोज त्यावरच बघतो. पण आज ती उघडतच नाही."

काका त्या टेबलाखाली बघत उभे राहिले. मला वाटलं आता सबब आणि उपरोक्तचा भडिमार होणार. पण ते एवढंच म्हणाले, "चारला येईल." आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "याला काय बोलायचं? हा स्वतःच वाट बघत बसलाय."

त्या दिवसापासून भरवशाचा होस्टिंगवाला शोधणं हे काकांचं जीवितकार्य झालं.

मी त्यांना सांगितलं, की आपण व्हीपीएस घ्यायला हवा. ते काय असतं, हे त्यांना पटवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. शेवटी चाळीच्या भाषेत सांगितलं. आत्ता आपली साइट म्हणजे चाळीतली खोली. नळ सगळ्यांचा एक. कुणा एकाकडे लग्न निघालं की बाकीच्यांना पाणी नाही. व्हीपीएस म्हणजे त्याच इमारतीत पण आपला फ्लॅट. पाणी आपलं, दाराची चावी आपली.

"मीटर वेगळा?"

"मीटर वेगळा."

"मग आधी का नाही सांगितलंस?" माझ्यावर ते पुढे दोन दिवस नाराज होते.

त्यांनी एकवीस प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि ती मला टाइप करायला लावून अकरा कंपन्यांना धाडली. प्रश्न पहिला: यंत्र कोणत्या गावी आहे. प्रश्न दुसरा: त्या गावी वीज किती तास जाते. प्रश्न सातवा: सेवा बंद पडल्यास प्रथम कोणास कळते, आपणास की ग्राहकास. प्रश्न अकरावा: फोन उचलणाऱ्या व्यक्तीचे खरे नाव. मी म्हटलं, "काका, असले प्रश्न कुणी विचारत नाही." ते म्हणाले, "म्हणून तर ही अवस्था आहे."

चार कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी प्रश्न न वाचता दरपत्रक पाठवलं. एका कंपनीनं मात्र आम्हाला अंधेरीच्या ऑफिसात बोलावलं. गुळगुळीत फरशी, काचेचं दार, थंडगार हवा. टाय लावलेल्या तरण्या साहेबांनी आमच्यापुढे कॉफी ठेवली आणि सांगितलं, "सर, आम्ही नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के अपटाइमची गॅरंटी देतो."

काकांनी खिशातून पेन काढलं. छोट्या डायरीत आकडे मांडले. मग त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद."

"सर, तसं नाही, ते कमाल..."

"शंभरातून एक दशांश गेला. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. पावणेनऊ तास होतात. ते कोणते?"

"कोणते म्हणजे?"

"कोणत्या तारखेचे? किती ते किती? मला आधी कळवा, मी लोकांना कळवतो. आम्ही तेच करतो. आमच्याकडे रोज पाच तास जाते, पण कधी जाते ते माणसाला ठाऊक असलं तर माणूस भात आधी लावतो."

साहेब हसले. ते हसायला नको होतं. "सर, बिघाड कधी होईल हे कुणाला सांगता येतं का?"

"मग गॅरंटी कसली दिलीत?" काका उभे राहिले. "उपरोक्त पावणेनऊ तासांत आमच्याकडील एखाद्या लेकराचे दम्याचे यंत्र बंद पडल्यास त्याची जबाबदारी आपण कोणत्या टक्क्यात धरली आहे, याचा खुलासा करावा."

कॉफी तशीच राहिली. येताना मी त्यांच्यावर चिडलो होतो, कारण मला ती कंपनी बरी वाटली होती. घरी आल्यावर मी स्वतः आकडेमोड केली. पावणेनऊच येत होते. इतकी वर्षं मी वर्गात 'नव्याण्णव पूर्णांक नऊ' हा आकडा कौतुकानं सांगत होतो आणि उरलेले तास कुणाचे, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मग मला त्या साहेबाचा राग यायला लागला आणि तो अजून गेलेला नाही.

उरल्या त्या कंपन्यांची काकांनी परीक्षा घेतली. रविवारी दुपारी तीन वाजता, जेवून सगळा महाराष्ट्र आडवा झालेला असताना, ते फोन लावायचे आणि मी लिहून दिलेला एक अवघड तांत्रिक प्रश्न वाचून दाखवायचे. तो प्रश्न त्यांना कळत नव्हता. उत्तर तर मलाही नीट येत नव्हतं. एकानं फोन उचललाच नाही. दुसऱ्यानं पाच मिनिटं इंग्रजीत असं काही सांगितलं, की काकांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि ठेवला. "खोटं बोलतोय," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला विषयही ठाऊक नाही."

"पस्तीस वर्षं मी पण वेळ मारून नेली आहे, मास्तर. ती लय कळते."

तिसरी कंपनी नाशिकची होती, लहानशी. फोन एका मुलीनं उचलला. "शेलार बोलतेय." काकांनी प्रश्न वाचला. ती म्हणाली, "हे मला माहीत नाही. विचारून सांगते. तुमचा नंबर द्या."

चाळीस मिनिटांनी तिचा फोन आला. उत्तर तिनं कागदावर लिहून आणलं होतं, हे वाचण्यावरून कळत होतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदम त्यांच्या वाडीच्या आवाजात विचारलं, "जेवलीस का?"

"जेवते आता."

"जेव आधी," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, "ही घ्यायची. हिला 'माहीत नाही' म्हणता येतं."

अशी आमची निवड झाली. त्यांची यंत्रं होती परदेशात, सांभाळणारी माणसं नाशिकला. व्हीपीएस आल्यावर फ्लॅट आपला म्हणजे झाडलोटही आपली, हे मला कळलं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून सगळं उभं करताना मी दोनदा अख्खी साइट पुसून टाकली. काकांनी मला दोन लेखी खुलासे मागितले आणि मी ते दिले. दुसऱ्याच्या खाली त्यांनी लिहिलं, 'समाधानकारक'. माझ्या नोकरीत असा शेरा मला कधी मिळाला नाही.

साइट चालली. महिनेच्या महिने चालली. एकदाच बंद पडली, दोन तास. पण आम्हाला कळायच्या आत ईमेल आला होता: यंत्राची मेमरी खराब झाली, चूक आमच्या तपासणीत राहिली, सव्वाअकराला सुरू होईल, अमृता शेलार. सव्वाअकराला सुरू झाली. काकांनी तो ईमेल मला छापून आणायला लावला आणि कपाटातल्या फाइलला लावला. त्या दिवशी ते चिडायला हवे होते. उलट दुपारभर तो कागद पुन्हा पुन्हा काढून बघत होते. "याला खुलासा म्हणतात," ते म्हणाले. "एवढंच लागतं. चार ओळी."

त्यानंतर दोनेक वर्षांत भारनियमन कमी कमी होत गेलं आणि एक दिवस आमच्याकडचं थांबलं. लोकांनी इन्व्हर्टर माळ्यावर टाकले. फळा उतरला. साइटवर कुणी येईनासं झालं. काका मात्र रोज सकाळी आठ वाजता पान बदलत होते. 'आज भारनियमन नाही.' दुसऱ्या दिवशी तारीख बदलून, 'आज भारनियमन नाही.' असे सहा महिने गेले. व्हीपीएसची मुदत संपत आली तेव्हा मी खाली गेलो आणि जरा तावातच म्हणालो, की आता हे पुरे. नसलेल्या गोष्टीचं वेळापत्रक कशाला? आणि त्यासाठी मी दर महिन्याला बसून ते यंत्र का सांभाळायचं?

काकांनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. व्हीपीएस घेताना त्यांनी हट्टानं एक सोय मागून घेतली होती. आदल्या दिवशी साइटवर कोण कधी आलं, याची यादी रोज सकाळी त्यांना यायची. नावं नाहीत, नुसते इंटरनेटचे आकडी पत्ते, देश आणि वेळ. त्यांनी शेवटची पानं माझ्यासमोर ठेवली. दिवसाला दहा-बारा ओळी. बहुतेक शोधयंत्रांचे रोबो, जे जगातली सगळी पानं चाळत फिरतात. एका ओळीखाली मात्र रोज पेन्सिलीची रेघ होती. कॅनडा. संध्याकाळी पावणेसहा.

"रोबो असेल तोही," मी म्हणालो.

"यंत्र रविवारी उशिरा उठतं का?" काकांनी विचारलं.

मी पानं उलटली. सोमवार ते शुक्रवार पावणेसहा. शनिवार-रविवारी रात्री साडेआठ, कधी नऊ. मार्चपासून सगळं एक तास आधी, नोव्हेंबरपासून पुन्हा एक तास पुढे. "तिकडे घड्याळं बदलतात," ते म्हणाले. "मी विचारून घेतलं. तिथे सकाळचे सव्वासात असतात. कामावर जायच्या आधी."

तेवढं बोलून ते उठले आणि खाली दूध आणायला गेले. दूध सकाळीच आलेलं होतं.

काकू स्वयंपाकघरातून बशीत सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"वैशाली," त्या म्हणाल्या.

त्यांना मुलगी आहे, एवढं मला माहीत होतं. टोरांटोला असते, हेही. काकांनी तिचं नाव कधी काढलेलं मी ऐकलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. काकूंनी सांगितलं ते असं. वैशालीनं तिकडेच एका सहकाऱ्याशी लग्न केलं आणि झाल्यावर पत्रानं कळवलं. मुलगा कोण, कुठला, यावर काकांचं काही म्हणणं नव्हतं. आधी सांगितलं नाही, एवढंच. त्या रात्री त्यांनी लेकीला पत्र लिहिलं. सात मुद्दे, क्रमांक घालून. शेवटी, 'उपरोक्त बाबींचा खुलासा आठ दिवसांत करावा, तोपर्यंत आपणाशी पत्रव्यवहार स्थगित समजावा.'

"तिनं उत्तर दिलं नाही?"

"बापाला असं उत्तर कोन देईल?" काकू म्हणाल्या. "चार ओळी लिहून पाठव म्हटलं मी तिला. ती म्हणते, मी काय ऑफिस आहे का? दोघं सारखीच."

"तुमच्याशी बोलते ना?"

"दर पंधरा दिवसांनी. आणि सगळं माहीत असतं तिला. लाइट जायची तेव्हा विचारायची, आई, आज दुपारी एक ते चार लाइट नव्हती ना, मग बाबा पंख्याशिवाय झोपले कसे? बावखलातलं पानी पुरलं का वटारच्या काकांच्या केळीला? मी काही सांगत नाही, तीच सांगते मला." काकूंनी सुकेळीची बशी माझ्याकडे सरकवली. "मी यांना बोलले नाही. यांनी मला ही कागदं दाखवली नाहीत. पन मी केर काढताना बघते की."

मी वर आलो आणि व्हीपीएसची मुदत आणखी वर्षानं वाढवली.

त्यानंतर मी त्या पानाकडे लक्ष देऊन बघू लागलो. 'आज भारनियमन नाही' याच्या खाली हळूहळू आणखी एखादी ओळ यायला लागली होती. 'वटार येथे सुकेळी यंदा चांगली वाळली.' 'लिफ्ट दुरुस्त.' 'सौ.चा गुडघा बरा आहे.' भारनियमनाच्या साइटवर ही माहिती कुणाला हवी होती? हवी होती त्या एका माणसाला रोज सकाळी सव्वासातला ती मिळत होती. मला या सगळ्याचाही राग यायचा. समुद्रापलीकडे फोन लावायला एक मिनिट लागत नाही. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते मी सांगायचं?

एकदा सांगितलंच. "काका, फोन करा तिला."

"पत्रव्यवहार मी स्थगित केलाय," ते म्हणाले. "मग मीच फोन कसा करायचा?"

"मग पत्र मागे घ्या. तक्रार मागे घेता येते ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. जणू पस्तीस वर्षांत अशी एकही तक्रार त्यांच्या टेबलावर आली नव्हती. मग म्हणाले, "येते. अर्ज करावा लागतो."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पान आठ वाजता बदललं नाही. नऊलाही नाही. साडेदहाला मी खाली गेलो तर काका कॉम्प्युटरसमोर बसले होते, एका बोटानं टाइप करत. मला जवळ येऊ दिलं नाही. अकराच्या सुमारास पान आलं. मी ते वर माझ्या खोलीत उघडून वाचलं.

'आज भारनियमन नाही. चि. वैशाली हिस कळविण्यात येते की माझे सात मुद्द्यांचे पत्र रद्द समजावे. खुलाशाची आवश्यकता नाही. पत्र पाठविण्यात माझी चूक झाली. राग होता, मजकूर खरा नव्हता. हरिश्चंद्र राऊत.'

फोन त्यानंतर तीन दिवसांनी आला. तो काकूंनी नाही, काकांनी उचलला, एवढं मला काकूंनी सांगितलं. काय बोलणं झालं ते विचारलं तर म्हणाल्या, "बोलले कुठे? दोघं बराच वेळ नुसते 'हं, हं' करत होते." पुढच्या डिसेंबरात वैशाली नवऱ्याला घेऊन आली. जावयानं काकांच्या घरातला कॉम्प्युटर फार जुना आहे असं म्हटलं आणि काकांनी ते ऐकून घेतलं.

पण मला आठवते ती रविवारची सकाळ, फोन यायच्या आधीची. मी काही कामानं खाली गेलो होतो. आदल्या दिवसाची यादी आलेली होती. नेहमीची दहा-बारा ओळींची नव्हती, पानभर होती आणि पानभर कॅनडाच होता. रात्री साडेआठला, आठ पस्तीसला, पावणेनऊला, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी. काका चष्मा कपाळावर सारून, कागद डोळ्यांजवळ धरून, एकेका ओळीवर बोट ठेवत मोजत होते. सोळा-सतरापर्यंत जायचे, मग बोट थांबायचं, आणि ते पुन्हा वरून सुरुवात करायचे.